जुनी पिकअप चढावर दम तोडते, दहा मिनिटांनी पुन्हा पळते: दोष कुठे शोधायचा

पहाटे साडेचारला वाशीच्या मार्केटातून माल भरून निघायचं, मानखुर्द-चेंबूर करत विक्रोळीला यायचं आणि तिथून पवईमार्गे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरी. रोजचा तीसेक किलोमीटरचा रस्ता. पवईच्या अलीकडे चढ लागला की गाडीचा जीव गेल्यासारखा व्हायचा. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून पंचवीस, मग पंधरा. एक्सलेटर तळाला टेकला तरी इंजिन दाद देत नाही, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि दोन-तीन झटके देऊन गाडी बंद. ढकलत कडेला घ्यायची, चावी काढायची, दहा मिनिटं थांबायचं. मग सेल्फ मारला की एका झटक्यात सुरू, आणि पुढे अंधेरीपर्यंत एक तक्रार नाही.

हे दोन महिने चाललं. गाडी २०१७ ची, डिझेल, कॉमन रेल इंजिनाची: पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरतो आणि तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या इंजेक्टरना जातं. आधी मासळीच्या धंद्यात होती. आमच्याकडे आली तेव्हा एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेले. मी आणि माझा मेव्हणा हॉटेलांना भाजी पोचवतो. टोमॅटो दोनदा उशिरा पोचला की तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला दुसऱ्याकडून घेतो, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत आणणं किती अवघड असतं ते धंदेवाल्यांना सांगायला नको. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. नुकतीच जुनी पिकअप घेतलेल्या कोणाला हाच त्रास असेल तर त्याचे दोन महिने तरी वाचावेत.

या काळात आम्ही डिझेल फिल्टर दोनदा बदलला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे गेले, मग परत तेच. एका ठिकाणी स्कॅनर लावला, कोड आला पी००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब इंजिन मागतंय त्यापेक्षा कमी. त्यावरून रेल प्रेशर सेन्सर बदलला. फरक शून्य. पुढच्या ठिकाणी चारही इंजेक्टर आणि गरज पडली तर हाय प्रेशर पंप असा अंदाज मिळाला. आकडा ऐकून आम्ही गाडी तशीच बाहेर काढली. ती काढली हे बरं झालं, कारण दोष त्या कशातच नव्हता.

पी००८७ ने बरेच जण फसतात. या गाडीत डिझेलचा प्रवास असा: टाकी, टाकीतल्या नळीच्या तोंडाशी जाळी, तिथून चेसिसच्या कडेने लांब पाइप, मग फिल्टर आणि त्याच्या डोक्यावरचा प्रायमर (हाताने दाबून डिझेल चढवायचा छोटा पंप), मग हाय प्रेशर पंप, रेल, आणि शेवटी इंजेक्टर. उरलेलं डिझेल दुसऱ्या पाइपने टाकीत परत. इंजिनावर जोर असताना रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, पण पंपाला डिझेल पोचलंच नाही तर तो दाबणार काय? सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं तोंड चोंदलं तर तिसऱ्या मजल्यावरचा नळ बारीक होतो. तो नळ कितीही वेळा बदला. आमचा सेन्सर खरं तेच सांगत होता. दाब कमीच होता, फक्त त्याचं कारण आठ-दहा फूट मागे होतं.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. रिकामी गाडी, हलका पाय, डिझेल थोडं लागतं आणि चोंदलेल्या वाटेनेही तेवढं येतं. बाराशे किलो माल आणि वर चढ म्हटल्यावर मागणी एकदम वाढते. वाटेतली अडचण तेव्हाच उघडी पडते. त्यामुळे गॅरेजच्या दारात उभी करून रेस देऊन बघणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि तो खोटं बोलतो असंही नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट शोधायला गेलो होतो, तिथे एका दुकानदाराने जवळच्याच एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. काकांनी बॉनेटही उघडलं नाही. आधी विचारलं, "बंद पडल्यावर आपोआप बरी होते?" हो म्हटलं. "मग मोडलेलं काही नाही. मोडलेला पार्ट दहा मिनिटांत सांधत नाही. कुठेतरी अडकतंय, थांबल्यावर सुटतंय. आणि हळूहळू मरते की दिवा विझल्यासारखी?" हळूहळू. "मग वायर-सेन्सर नंतर बघू."

हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) तापून दगा देतो तेव्हाही गाडी थंड झाल्यावर परत सुरू होते. पण तेव्हा ती धावता धावता चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडते. आधी ताकद जाणं, मग झटके, मग बंद पडणं हा क्रम असला तर बहुतेक वेळा डिझेलची उपासमार असते. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर तो डिझेलचा विषयच नाही, क्लच प्लेट घसरते आहे. आणि ताकद कमी पण मागे काळा धूर भरपूर, म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय: एअर फिल्टर बघा, टर्बोपासूनचा (इंजिनात हवा दाबून भरतो त्या पंख्यापासूनचा) रबरी पाइप फाटलाय का ते बघा. आमच्याकडे धूर अजिबात नव्हता. न जळायला डिझेल होतं कुठे!

आधी वही

काकांनी सांगितलं, एक वही घाला, तीन आठवड्यांनी या. मेव्हण्याने मुलाची अर्धी कोरी वही डॅशबोर्डवर ठेवली. गाडी दम तोडेल तेव्हा लिहायचं: तारीख, टाकीत डिझेल किती, ते भरल्यापासून किती किलोमीटर झाले, माल किती, चढ की सपाट, किती मिनिटांनी सुरू झाली. अकरा नोंदी झाल्या. आम्हाला त्यात काही संगती लागेना. कधी टाकी काठोकाठ भरल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर बंद, तेही विक्रोळीच्या सपाट रस्त्यावर. कधी टाकी पावावर आल्यावर बंद, पण ती नेमकी पवईच्या चढावर. काकांनी पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अर्धी टाकी असताना एकदाही नाही. हे दोन आजार आहेत, तुम्ही एक समजताय."

दोन महिने फुकट गेले त्याचं कारण हेच. एकावर औषध केलं की दुसरा तसाच राहायचा, आणि आम्हाला वाटायचं, औषधच चुकलं.

पहिला आजार, भरलेल्या टाकीचा

गाडी घेतली तेव्हा टाकीला झाकण नव्हतं. तोंडात एक फडकं कोंबलेलं होतं. ते काढून मी लगेच दुकानातून साधं झाकण आणून लावलं. कुलूपवालं, घट्ट बसणारं. चांगलं काम केलं असंच वाटलं होतं.

डिझेल टाकीतून जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती झाकणातल्या बारीक वाटेने किंवा वेगळ्या ब्रीदर पाइपने येते. आमच्या नव्या झाकणाला तशी वाटच नव्हती, आणि ब्रीदर पाइपचं तोंड मातीने लिंपून गेलेलं होतं. टाकी साठ लिटरची. काठोकाठ भरली तर वर जेमतेम तीन लिटर हवा राहते. तीस किलोमीटरमध्ये तीनेक लिटर डिझेल जातं, म्हणजे तीच हवा दुप्पट जागेत ताणली जाते आणि तिचा दाब निम्म्यावर येतो. पंप पुढून ओढतोय, टाकी मागून ओढतेय. टाकी अर्धी असेल तर वर तीस लिटर हवा असते, तिथे तीन लिटर गेल्याने फारसं बिघडत नाही. म्हणून भरलेल्या टाकीवर त्रास, अर्धीवर नाही. थांबल्यावर झाकणाच्या रबराच्या कडेने थोडी थोडी हवा आत झिरपते आणि दहा मिनिटांत गाडी बरी.

तपासणीला एक रुपया लागत नाही. गाडी दम तोडू लागली की सुरक्षित जागी घ्या आणि लगेच झाकण उघडा. आम्ही टाकी भरून मुद्दाम निघालो. घाटकोपरच्या पुढे गाडी मरगळली. मी झाकण फिरवलं तशी लांब फुस्स झाली आणि टाकीचा पत्रा आतून बाहेर 'टक्क' करून उसळला. पत्रा आत ओढला गेला होता! सेल्फ मारला, गाडी त्याच क्षणी सुरू, दहा मिनिटं नाही, दहा सेकंद नाही. गाडीच्या मॉडेलचं योग्य झाकण आणलं, ब्रीदर पाइप काढून साफ केला. भरलेल्या टाकीचा त्रास त्या दिवशी संपला.

दुसरा, पाव टाकीचा

याला वेळ लागला. क्रमाने सांगतो, कारण हाच क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो.

फिल्टरच्या खालचा नळ सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढलं आणि बरणी पाच मिनिटं स्थिर ठेवली. तळाला पाण्याचा पातळ थर, त्यावर काळसर गाळ तरंगता. म्हणजे टाकीत पाणी आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून आहे. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, कमी डिझेल घालून महिनोन्‌महिने उभी ठेवलेल्या गाडीच्या टाकीत वाफेचं पाणी जमतं. फडक्याचं झाकण असेल तर पाऊसही. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा बुळबुळीत थर तयार होतो. जुन्या गाडीत फिल्टर वारंवार काळा होत असेल तर पंपवाल्याच्या डिझेलला दोष देण्याआधी स्वतःच्या टाकीत डोकावा.

पुढे फिल्टरच्या अलीकडे पाइपचा वीतभर तुकडा काढून तिथे पारदर्शक डिझेल पाइप बसवला. यात बुडबुडे पळताना दिसले तर लाइन कुठेतरी हवा घेतेय: चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, फिल्टरचं वायसर. हवा घेणाऱ्या गाडीचं लक्षण वेगळंही असतं, रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो आणि प्रायमर पिचपिचीत लागतो. आमच्या पाइपात बुडबुडे नव्हते, पण गाडी मरगळताना पाइप चपटा होत होता. हवा येत नाही आणि डिझेलही येत नाही, म्हणजे मागे वाट बंद.

मग कॅनची चाचणी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, गाळलेलं डिझेल. फिल्टरला टाकीकडून येणारा पाइप काढून त्या जागी कॅनमधून येणारा पाइप, आणि परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये. परतीचा पाइप विसरलात तर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, हलणार नाही असा बांधलेला, आणि मिस्त्री सोबत. हे घरी एकट्याने करू नका. बटाट्याची पोती भरून पवईचा चढ तीनदा चढलो. तिसरा गिअर, चाळीस, एकदाही दम नाही. तेच इंजेक्टर, तोच पंप. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा भाग वगळला आणि गाडी ठणठणीत. इंजेक्टरचा खर्च तिथेच वाचला.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जुन्या इंजिनात हवा काढायला इंजेक्टरचे नट सैल करायची पद्धत होती, आणि अजून काही जण सवयीने तेच करतात. कॉमन रेल गाडी चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप कधीही सैल करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडतो. तसं कोणाला झालंच तर मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल.

शेवटी टाकी उतरवली. तळाच्या बोल्टमधून आधी पाऊण वाटी पाणी आलं, मग कॉफीसारखं डिझेल. डिझेलचं गेज काढलेल्या भोकातून काकांनी बॅटरी मारली, मग वाकवलेली तार घालून काहीतरी ओढलं. तळहाताएवढा चौकड्यांचा सुती तुकडा बाहेर आला. काळा, बुळबुळीत, एका कडेला दोरे सुटलेले. तोंडात कोंबलेल्या फडक्याचाच तुकडा! टाकीच्या गळ्यातली जाळी कोणीतरी कधीच काढून टाकली होती, त्यामुळे तो सरळ आत गेला. टाकी भरलेली असताना तुकडा इकडेतिकडे तरंगायचा. पाव टाकीवर तो नळीच्या तोंडाजवळ यायचा, चढावर ओढ वाढली की जाळीवर जाऊन बसायचा. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की सुटून खाली पडायचा. दहा मिनिटांची विश्रांती म्हणजे हे.

फिल्टर बदलल्यावर दोन दिवस बरे का जायचे तेही कळलं. एकदा मिस्त्रीने लाइन साफ करताना मागे हवा मारली होती, दुसऱ्यांदा आम्ही त्याच दिवशी डिझेल भरलं होतं. फिल्टरचा त्यात काही हात नव्हता.

टाकी डिझेलनेच दोनदा खळबळून धुतली, नळीची जाळी काढून ब्रशने साफ केली, गळ्यात नवी जाळी घातली. टाकीला एक गंजलेली जागा होती, ती कोणीतरी वेल्डिंग मारून देतो म्हणाला. काकांनी हात जोडले. रिकामी दिसणारी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते, ठिणगी लागली तर ती फुटते. ती जागा आम्ही लक्षात ठेवली आहे, वाढली तर टाकीच बदलणार. निघालेलं घाण डिझेल गटारात ओतू नका, गॅरेजवाले जळकं ऑइल घेऊन जाणाऱ्याला देतात, त्याच्यात द्या.

मासळीच्या गाडीचं आणखी थोडं

टाकी खाली असतानाच चेसिस दिसला. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून गळलेलं, त्यामुळे हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांना पापुद्रे आलेले. हातोडीने हलके ठोकत गेलो: टणक आवाज येतो तिथे पत्रा आहे, भद्द आवाज येतो तिथे गंज. दोन पट्ट्या बदलल्या. गाडी घेण्याआधी खाली आडवं होऊन हे पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही बघितला तो नवा रंग.

सकाळी सेल्फ सुस्त फिरायचा, त्याचंही मूळ तेच खारं पाणी. बॅटरी बदला असं दोघांनी सांगितलं होतं. पण रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, गाडी चालू असताना १४.१. दोन्ही चांगले आकडे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून मेव्हण्याला सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्याही खाली दिसायला हवं होतं, दिसले १.४. इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी हिरवी पडून निम्मी तुटलेली. नवी पट्टी, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासली, वर ग्रीस. बॅटरी तीच आहे अजून.

चढावर गाडी बंद पडते तेव्हाची एक काळजी वेगळी सांगायला हवी. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही थांबतो. एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड पडतं. त्यामुळे ब्रेकवर पाय सतत मारत बसू नका, एकदाच दाबून धरा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, पार्किंग दिवे लावा आणि मागच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. आमच्या केबिनमध्ये आता लाकडाचे दोन ठोकळे कायम असतात.

वहीतली गेल्या दीड महिन्यातली नोंद एकच आहे: टाकी पाव, माल बाराशे किलो, पवईचा चढ, तिसरा गिअर, चाळीस. ती मेव्हण्याने मुद्दाम लिहिली. टाकी धुतली तरी पाइपातला सुटलेला गाळ पुढे येतोच, म्हणून धुतल्यावर नवा फिल्टर घातला आणि तो हजार किलोमीटरवरच काढून कापून बघितला. कागदाच्या घड्यांत काळं बरंच होतं, गंजाचे चार-पाच कण, आणि फडक्याचा एक बारीक दोरा. त्या जागी आता दुसरा आहे. तो पाच हजारावर कापून बघणार.